लिस्बनमधली एक झोप

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम काय केलं, तर प्लास्टिकचा कचरा खाली नेला. आमच्याकडे टोकियोजवळ ग्योतोकुत कचऱ्याचे वार ठरलेले असतात आणि गाडी यायच्या आत पिशवी खाली, कावळ्यांनी फोडू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली ठेवावी लागते. मी जड पिशवी घेऊन लिफ्टने उतरलो, ही हलकी घेऊन जिन्याने. सात मजले. लिफ्टमध्ये ती पाय ठेवत नसे आणि जिना माझ्या गुडघ्यांना झेपत नसे. त्यामुळे दारातून एकत्र निघायचं, खाली एकत्र भेटायचं आणि मधला प्रवास ज्याचा त्याने करायचा, अशी आमची पद्धत. त्या दिवशी मी जाळी उचलून धरून उभा होतो. ती आली, पिशवी आत सरकवली आणि म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने आज परत बांगडा करपवला. जिनाभर वास. तुम्ही शिकवा तिला एकदा."

"मी रिटायर झालोय."

"म्हणूनच म्हटलं. रिकामेच आहात."

हे तिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं, मग जीभ जड झाली. अँब्युलन्स लगेच आली. संध्याकाळी हॉस्पिटलमध्येच ती वारली. मेंदूत रक्तस्राव झाला होता म्हणाले.

लोक गेलेल्या बायकोबद्दल बोलतात तेव्हा म्हणतात, तिच्या हाताला काय चव होती. हिच्या हाताला काही चव नव्हती. चव माझ्या हाताला होती, कारण मी आचारी. सातवी पास झालो, रेवदंड्याहून मुंबईला हॉटेलात लागलो आणि एका मालकाने तिथून उचलून जपानात सेंदाईला आणलं. मागून ही आली, मग मुलगा. हिने आयुष्यभर माझं जेवून मला नावं ठेवली. मीठ बरोबर पडलं तरी म्हणायची, "आज बरोबर पडलं वाटतं."

मुलगा म्हणायचा, आई विक्षिप्त आहे. शिकलेला आहे, त्याला असे शब्द येतात. मी सरळ वेडी म्हणायचो. ती दोघांनाही म्हणायची, "आधी मागून बघून या, मग बोला."

म्हणजे काय, ते सांगतो. कुठल्याही इमारतीत शिरायच्या आधी ही त्या इमारतीला पूर्ण वळसा घालायची. बँक असो, दवाखाना असो, नातीची शाळा असो. देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा, उजवा हात भिंतीकडे ठेवून. मागचं दार कुठे आहे, ते आतून उघडतं का, बाहेर निघाल्यावर मोकळी जागा किती, हे बघून झालं की मग पुढच्या दाराने आत. मागे दार नसेल तर आत जाणारच नाही. ग्योतोकु स्टेशनजवळचं एक चांगलं डोळ्यांचं हॉस्पिटल तिने एवढ्यासाठी सोडलं आणि दोन स्टेशनं पलीकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेली. त्याचा दवाखाना तळमजल्यावर, मागे भाजीचे वाफे घातलेलं अंगण. डॉक्टरला स्वतःलाच नीट दिसत नव्हतं.

याचा एक फायदा झाला. इमारतींच्या मागे कोण असतं? सिगरेट ओढणारे, खोकी फोडणारे, डबा खाणारे. ते सगळे हिच्या ओळखीचे. बँकेत मला कोणी विचारत नसे, पण बँकेच्या मागच्या बाजूचा सफाईवाला हिला वाकून नमस्कार करायचा. सुपरमार्केटच्या मागे मासे कापणारी बाई तर हिला सुरमईचं डोकं कागदात बांधून द्यायची, कारण जपानी लोक ते घेत नाहीत. "पुढच्या दाराने जाणाऱ्याला डोकं मिळत नाही," असं ही मला ऐकवायची.

इथली मराठी मंडळी दरवर्षी एक हॉल घेऊन गणपती बसवतात. तिथे ही आरतीला मागच्या दारात उभी. मंडळातली एक सून बोलवायला गेली, "काकू, पुढे या ना, दर्शन नीट होईल."

"मला दिसतोय तो. आणि त्यालाही मी दिसतेय. तू टाळ्या वाजव."

हे वेड जन्मापासूनचं नव्हतं. सेंदाईला ही एका मोठ्या इमारतीच्या तळघरात डबे भरायचं काम करायची. पाच-सहा वर्षं केलं. भूकंप झाला त्या दुपारी ती तिथेच होती. दिवे गेले, फडताळं पडली, सगळ्या बायका पुढच्या जिन्याकडे धावल्या आणि जिन्यात अडकल्या. वरून माणसं उतरत होती, खालून चढत होती, आणि मधे सगळं गच्च. धक्के थांबत नव्हते. बऱ्याच वेळाने कोणीतरी बॅटरी घेऊन आलं आणि त्यांना उलटं वळवून मागच्या दाराने बाहेर काढलं. ते दार हिच्या कामाच्या टेबलाच्या पाठीमागे होतं. हात लांब केला असता तर लागलं असतं. इतकी वर्षं ती त्या दाराकडे पाठ करून डबे भरत होती.

त्या इमारतीत कोणाला काही झालं नाही. आमचं हॉटेल शहराच्या दुसऱ्या टोकाला. बर्फ पडायला लागला होता. मी रस्त्यावर गॅसची शेगडी मांडून येईल त्याला गरम आमटी वाढत होतो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात ही चालत आली. डोक्याला कामाची पांढरी टोपी, पायात रबरी बूट. मी वाडगा पुढे केला. तिने घेतला नाही. म्हणाली, "अहो, मागे दार होतं."

मी म्हटलं, "हो, असेल. तू आमटी घे."

"असेल नाही. होतं."

किनाऱ्याकडे त्सुनामीने काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. तिकडच्या मानाने आमचं काहीच गेलं नाही, असं मी तिला नेहमी सांगायचो. खरंच होतं ते. पण हिची झोप गेली ती गेली. जागीच असायची असं नाही, पण पाठ टेकून, अंग सैल सोडून झोपणं संपलं. भिंतीला टेकून बसायची, उशाशी बूट. डोळे मिटलेले असायचे, पण मी कूस बदलली तरी उघडायचे. गोळ्या झाल्या, तेल झालं, गावाहून भस्म आलं. तिला एकच हवं होतं, एकदा सबंध झोप. दुसरं काही मागितलं नाही तिने. साडी नाही, सोनं नाही. "एकदा लहान मुलासारखी झोपले ना, की मग काही म्हणणार नाही," असं म्हणायची.

मी काम सोडल्यावर मुलाने आम्हाला ग्योतोकुत आपल्याजवळ आणलं. त्याचं ऑफिस टोकियोत, फ्लॅट सातव्या मजल्यावर. इमारत भूकंपात हलते पण पडत नाही, असं त्याने तिला कागदावर चित्र काढून समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हलते ना?" घरात तिची बाजू फक्त नात घ्यायची. तिच्या शाळेत टेबलाखाली शिरायची प्रॅक्टिस देतात. दोघी मिळून जेवणाच्या टेबलाखाली शिरायच्या, नात जपानीत हुकूम सोडायची आणि आजी मराठीत ओ द्यायची.

लिस्बनचं मुलाने काढलं. आमच्या लग्नाला खूप वर्षं झाली होती, त्याला आम्हाला कुठेतरी पाठवायचं होतं. ट्रॅव्हल कंपनीची रंगीत पत्रकं घेऊन आला. पॅरिस, रोम, लंडन. हिने लिस्बनचं उचललं.

मुलगा म्हणाला, "आई, पॅरिस बघ ना. सगळे पॅरिसला जातात."

ही म्हणाली, "पोर्तुगीजांनी आमच्या रेवदंड्यात येऊन किल्ला बांधला. आम्ही त्यात बोरं वेचली, शेण्या थापल्या. एकदा त्यांच्या घरी जाऊन येऊ की. बघू, त्यांनी स्वतःला काय बांधलंय."

तर गेलो. ग्रुपमध्ये आम्ही दोघं सोडून सगळे जपानी, बहुतेक आमच्याच वयाचे. गाइड एक तरुण जपानी मुलगी, हातात पिवळा झेंडा. पहिल्याच दिवशी नदीकाठच्या मोठ्या मठापाशी बस थांबली. पांढराशुभ्र दगड, त्यावर इतकं कोरीव काम की बघून डोळे दुखावे. गाइड झेंडा वर करून दाराकडे निघाली, आणि आमची ही डावीकडे.

"ओकुसान! दार इकडे आहे," गाइड ओरडली. दुसऱ्याच्या बायकोला जपानीत ओकुसान म्हणतात.

"येते फिरून," असं मराठीत सांगून ही कोपऱ्यावरून नाहीशी झाली.

तो मठ म्हणजे काय आमच्या गावचं देऊळ नव्हे. लांबच्या लांब. अख्खा ग्रुप उन्हात उभा. गाइडने मला विचारलं, "काही धार्मिक आहे का?" आता त्या पोरीला काय सांगू? भूकंप, तळघर, मागचं दार, हे एवढं जपानी माझ्याकडे नव्हतं. माझं जपानी स्वयंपाकघरातलं. मी म्हटलं, "हो, हो. धार्मिक."

ही आली ती घामाघूम पण खुश. "पुढून राजा आणि मागून धुणं," म्हणाली. मागच्या गल्लीत दोरीवर चादरी वाळत होत्या, मांजर होतं आणि कोणी म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, त्याने हिला हात केला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चर्चपाशी आलो. ही निघाली, तर मागून ग्रुपमधल्या दोन जपानी म्हाताऱ्या निघाल्या. त्यांतल्या एकीने मला अदबीने विचारलं, "किती वेळा फिरायचं असतं?"

"एकदा पुरे."

"आणि उलट्या दिशेने चालतं का?"

"नाही चालत."

दुपारपर्यंत निम्मा ग्रुप हिच्यामागे. रांगेत, न बोलता, टोप्या सावरत. मागचं दार आलं की ही थांबून ते हाताने दाखवायची आणि त्या बायका दाराला वाकून नमस्कार करायच्या. मी गाइडबरोबर पुढच्या दारात उभा राहून हे बघत होतो. ती पोरगी घड्याळात बघत होती, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

नदीत एक बुरूज आहे, फोटोत सगळीकडे असतो तो. तिथे मात्र हिचं घोडं अडलं. तीन बाजूंना पाणी. ओहोटी होती म्हणून चपला हातात घेऊन वाळूवरून जमेल तिथपर्यंत गेली, पुढे पाणी गुडघ्याला लागलं तशी परत आली. "आत नाही येत मी. पाठ दिसत नाही त्याची." मी म्हटलं, "अगं, जगभरातून लोक येतात हा बघायला." म्हणाली, "येऊ देत. परत जायचा रस्ता एकच आहे." दोघी म्हाताऱ्यासुद्धा आत गेल्या नाहीत. तिघी वाळूत बसून बिस्किटं खात राहिल्या.

आता मुख्य सांगतो. शेवटच्या दिवशी गाइडने आम्हाला टेकडीवरच्या एका जुन्या चर्चला नेलं. वर जायला लोखंडी लिफ्ट आहे, लोक मुद्दाम तिच्यासाठी रांग लावतात. आम्ही दोघं अर्थात पायऱ्यांनी. माझ्या गुडघ्यांची वाट लागली. वर पोचलो तर गाइड दारापाशी बोलत होती. नेहमीसारखी मोठ्याने नाही, हळू. अडीचशे वर्षांपूर्वी या शहरात मोठा भूकंप झाला. सणाचा दिवस होता, माणसं चर्चमध्ये जमली होती, मेणबत्त्या लावलेल्या. छपरं त्यांच्या अंगावर आली. मेणबत्त्यांनी आग लागली. जे वाचले ते मोकळ्या जागेसाठी नदीकाठी पळाले, आणि तिथे समुद्राची लाट आली.

 ग्रुपमधल्या एकाने टोपी काढली. जपान्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

"हे चर्च त्यांनी परत पूर्ण बांधलं नाही," गाइड म्हणाली. "असंच ठेवलं."

मी हिच्याकडे बघितलं. आता ही डावीकडे निघणार आणि बाया तिच्यामागे. पण ही दारातून आत बघत होती. आत दोन्ही बाजूंना उंच खांब, खांबांवरून कमानी पलीकडे गेलेल्या, आणि कमानींच्या वर काही नाही. निळं आकाश आणि त्यात समुद्रपक्षी. खाली गवत. ही सरळ आत गेली. वळसा न घालता. मी मागून गेलो. म्हटलं, "का गं? फेरी राहिली."

"कशाला?" ती वर बघत म्हणाली. "पडायचं ते पडून झालंय."

भिंतीच्या कडेला एक दगडी कट्टा होता. त्यावर जाऊन बसली, बूट काढले, पाय वर घेतले. मला म्हणाली, "जरा टेकते." ओढणी गोल करून डोक्याखाली घेतली आणि झोपली. मी आधी समजलो, नेहमीसारखे डोळे मिटून पडली असेल. थोड्या वेळाने तिचं तोंड उघडं पडलं आणि घोरायला लागली. सेंदाई सोडून किती वर्षं झाली होती, पण तेव्हापासून मी तिचं घोरणं ऐकलं नव्हतं. विसरलोच होतो की ही घोरते. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी याच आवाजावरून तिच्याशी भांडलो होतो.

गाइड आली. पुढे किल्ला बघायचा होता, बस खाली उभी होती. मी बोट ओठांवर ठेवलं. ती वाकून हळूच म्हणाली, "बऱ्या आहेत ना?"

"झोपलीय," मी म्हटलं. "सेंदाईच्या भूकंपापासून झोपली नव्हती." एवढं मला जपानीत सांगता आलं.

 पोरीने माझ्या हातात हॉटेलचं कार्ड ठेवलं, परतीचा रस्ता बोटाने दाखवला आणि झेंडा खाली धरूनच ग्रुपला घेऊन गेली. त्या दोन म्हाताऱ्यांतल्या एकीने जाताना आपला स्कार्फ हिच्या पायांवर टाकला.

मी बसून राहिलो. लोक येत होते, फोटो काढत होते, कमानींकडे माना वर करून बघत होते. एका परदेशी माणसाने हिचासुद्धा फोटो काढला, मी काढू दिला. ऊन एका खांबावरून दुसऱ्यावर सरकलं. तिच्या तोंडावर यायला लागलं तसा मी उठून उन्हाच्या आड उभा राहिलो.

उठली तेव्हा गालावर ओढणीच्या चुण्यांचे वळ होते. चारी बाजूंना बघून म्हणाली, "अहो, बाकीचे कुठेत?"

"किल्ला बघायला गेले."

"आणि तुम्ही उठवलं नाही मला? एवढ्या लांब येऊन किल्ला बुडवला?"

"रेवदंड्यात आहे की किल्ला. त्यांनीच बांधलेला."

हसली. बूट घालता घालता म्हणाली, "परत येऊ या का इथे? काही बघायचं नाही. नुसतं झोपायला."

"येऊ."

"दरवर्षी एकदा."

"येऊ म्हटलं ना."

घरी आल्यावर मुलाला तिने सांगितलं की लिस्बन चांगलं आहे, झोप छान लागते. मुलगा म्हणाला, "आई, त्यासाठी एवढ्या लांब गेलात?" मग त्यानेही मनावर घेतलं. इथेच जवळ, दोन मजली लहान इमारतीत वरची खोली बघितली, म्हणाला, "आई, तुझ्या डोक्यावर कोणी नाही." ती म्हणाली, "आणि मी कोणाच्या डोक्यावर पडू?" तळमजल्याचं घर शोधत होता. म्हाताऱ्या परदेशी माणसांना इथे घर सहज कोणी देत नाही. पुढच्या वसंतात परत लिस्बनला जायचं ठरलं होतं. तेवढ्यात साथ आली. विमानं बंद झाली, एक वसंत गेला, मग दुसरा. विमानं सुरू झाली तेव्हा हिचा रक्तदाब वर होता, डॉक्टर म्हणाला थोडं थांबा. थांबलो. ती परत भिंतीला टेकून बसायला लागली होती. कधीतरी मला विचारायची, "तिथे पाऊस पडला की काय करत असतील हो? सगळा आतच येत असणार." मी म्हणायचो, "येत असेल." मला काय माहीत? आम्ही एकदाच गेलो, तेही उन्हाच्या दिवशी.

आता वाटतं, डॉक्टरला काय कळत होतं? न्यायला हवी होती. व्हीलचेअरवर बसवून न्यायला हवी होती. एवढ्या वर्षांत माझ्या बायकोला एक दुपार झोप मिळाली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि मी अंत्यविधीचं बघणाऱ्या कंपनीत गेलो. आपल्याकडे त्याच दिवशी नेतात. इथे स्मशानात नंबर लागतो, आमचा चार दिवसांनी होता. रात्री तिला हॉस्पिटलमधून त्यांच्या इमारतीत आणलं होतं. काळ्या सुटातला, पांढरे हातमोजे घातलेला माणूस वाकून म्हणाला, "ओकुसामांना आम्ही खाली ठेवलंय."

"खाली म्हणजे?"

"तळघरात. तिथे थंड राहतं. सगळ्यांना तिथेच ठेवतो."

मी म्हटलं, "वर काढा."

त्याला वाटलं मी चुकीचं जपानी बोललो. त्याने मुलाकडे बघितलं. मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, आता आईला काय कळणार आहे?"

"तिला नाही कळणार. मला कळतंय ना. तळघरातून वर काढा म्हणावं. आत्ता."

मुलाने रात्रभर सगळं एकट्याने निस्तरलं होतं, डोळे सुजले होते. एकदम त्याच्या तोंडावरून मला कळलं, त्यालाही आठवलं. मग तोच त्या माणसाशी बोलला, ऑफिसातलं अदबीचं जपानी, बराच वेळ. तो माणूस आत गेला, कोणाला तरी विचारून आला. रस्त्याच्या पातळीवर मागच्या बाजूला एक खोली आहे म्हणाला, फुलं उतरवायची. थंडीचे दिवस आहेत, जास्तीचा बर्फ लावला तर चालेल. पण तिथे नीटनेटकं नाही, माफ करा.

मी म्हटलं, "दाखवा."

लहानशी खोली. सिमेंटची जमीन, एक खिडकी, मागे गल्लीत उघडणारं दार. त्या दाराला लागून पांढऱ्या शेवंतीच्या बादल्या ठेवल्या होत्या, पाण्याने भरलेल्या. तो माणूस म्हणाला, मी कोणाला तरी बोलावतो. मी थांबलो नाही. गुडघे दुखत होते, पण एकेक बादली उचलून गल्लीत नेऊन ठेवली. मुलगा म्हणाला, "बाबा, द्या मी घेतो," आणि त्यानेही घेतल्या. दार पूर्ण मोकळं झाल्यावर मी ते उघडून बघितलं, लावून बघितलं, परत उघडलं. मग त्यांना म्हटलं, "आता आणा तिला."